‘शिकाऊ’ डॉक्टरांच्या हाती?

पेशंटला परळच्या केईएममध्ये न्यायचे ठरले की नातेवाइकांतले कोणीतरी बजावतेच, “तिथे पोरं शिकतात, जपून!” पोरं शिकतात हे खरेच. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र तपासून पाहावे लागतात.

गैरसमज : उपचार विद्यार्थी करतात.
वस्तुस्थिती : एमबीबीएसचे विद्यार्थी पेशंट तपासायला शिकतात, औषध ठरवत नाहीत. वॉर्डात रात्रंदिवस दिसतात ते निवासी डॉक्टर. साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि एक वर्षाची आंतरवासिता संपवून ते एमडी किंवा एमएस करत असतात. त्यांच्यावर युनिटचे प्राध्यापक असतात आणि उपचारांची जबाबदारी युनिटप्रमुखांची असते.

गैरसमज : तेच प्रश्न तिघे विचारतात, म्हणजे कोणालाच काही कळत नाही.
वस्तुस्थिती : विद्यार्थी शिकण्यासाठी विचारतो, निवासी डॉक्टर केसपेपरवर लिहिण्यासाठी आणि प्राध्यापक राउंडला ते लिहिलेले पडताळण्यासाठी. “कसलीच गोळी चालू नाही” म्हणणाऱ्या आजींना कधीकधी तिसऱ्या खेपेलाच साखरेची गोळी आठवते.

गैरसमज : संशोधन म्हणजे गरिबांवर प्रयोग.
वस्तुस्थिती : बहुतेक पेशंटना रुळलेलेच उपचार मिळतात. नव्या औषधाची चाचणी असेल तर 2019 च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत वैद्यकक्षेत्राबाहेरची माणसेही असावी लागतात. पेशंटला त्याच्या भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. नकार दिला किंवा मधूनच बाहेर पडले, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

संशोधनाची सुरुवात पुष्कळदा एखाद्या अडलेल्या केसपासून होते. केईएमला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांपुढे असे रक्त आले, ज्याला ‘ओ’ गटाचेही रक्त चालेना. ते का चालत नाही, याचा त्यांनी पाठपुरावा केला. ‘ओ’ रक्तातही असणारा ‘एच’ हा घटकच त्या रक्तात नव्हता. 1952 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. आज जग त्या गटाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणते. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ असल्यासारखा दिसतो, पण त्या माणसाला रक्त त्याच गटाचे लागते.

गैरसमज : स्वस्त, म्हणजे दुय्यम.
वस्तुस्थिती : केईएम मुंबई महापालिकेचे. पालिकेच्या याच रुग्णालयात 1986 मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बाळ जन्मले.

अशा रुग्णालयांतली गर्दी, खाटांची टंचाई आणि निवासी डॉक्टरांच्या लांबलचक ड्युट्या हे काही गैरसमज नव्हेत; त्या तक्रारी रास्तच आहेत. तिथे जाताना एवढे करा : केसपेपरवरचे युनिट आणि त्याच्या ओपीडीचा वार लक्षात ठेवा. त्याच वारी गेलात, तर तुमची केस ठाऊक असलेले डॉक्टर भेटण्याची शक्यता जास्त. आणि जुने कागद सोबत न्या. तेच प्रश्न पुन्हा विचारले जाणारच आहेत.