रोजा आणि हृदयाची गोळी

रमजान आला की आपल्या घरांतले काही हृदयरोगी वडीलधारे अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करतात. आम्हाला याचीच काळजी वाटते.

प्लेटलेट्स जखमेवर गुठळी धरून जीव वाचवतात. पण तंबाखूने, मधुमेहाने दुखावलेल्या रक्तवाहिनीला चिकटल्या, की त्या रसायने सोडून पांढऱ्या पेशींना बोलावतात. आतला चरबीचा थर वाढतो. तो फुटला की त्यावर गुठळी धरते आणि झटका येतो.

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सचा एक निरोप त्यांच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभरासाठी अडवते. पण नव्या प्लेटलेट्स रोज तयार होतात, म्हणून गोळीही रोज हवी. डॉक्टरांना विचारून ती इफ्तारनंतर घेता येते. डॉक्टर रोजाच नको म्हणाले, तर मन खट्टू करू नये. आजाऱ्याला ती सवलत कुरआननेच दिली आहे.