तिकीट आहे, शिक्का कुठे?

बर्लिनच्या मेट्रोत तिकीट खिशात असूनही ६० युरो दंड होऊ शकतो. तिथे स्टेशनात शिरताना गेट नसतं. यंत्रातून घेतलेलं साधं छापील तिकीट प्रवाशानेच फलाटावरच्या छोट्या यंत्रात सरकवायचं. त्यावर तारीख-वेळ उमटली की ते लागू होतं. शिक्का नसलेलं तिकीट उद्याही वापरता येईल, म्हणून तपासनीस ते ग्राह्य धरत नाही. मुंबईच्या लोकलसाठी पूर्वी सीव्हीएम यंत्रात कूपनं पंच केलेल्यांना ही पद्धत लगेच उमजेल.

इटलीत प्रादेशिक गाड्यांच्या कागदी तिकिटांना हाच नियम आहे. आरक्षित आसनाच्या वेगवान गाड्यांना मात्र तो नाही.

पण इटलीत यंत्रच बंद असेल तर? आधी फलाटावर दुसरं शोधावं. तेही नसेल, तर पेनाने तिकिटावर तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव लिहावं, बंद यंत्राचा फोटो काढावा आणि गाडीत चढताच आपणहून कंडक्टरला गाठावं. त्याने आधी आपल्याला गाठलं, तर आपली बाजू लंगडी पडते.

लंडनच्या मेट्रोत शिक्का नाही, पण आत-बाहेर करताना दोन्ही वेळा एकच कार्ड यंत्रावर टेकवावं लागतं. फोनमधलं कार्ड आणि हातातलं कार्ड तिथे वेगवेगळी धरली जातात. बाहेर पडताना टेकवायचं राहिलं, तर कमाल भाडं कापलं जातं. त्यातली जादा रक्कम परत मागता येते.

दंड झालाच, तर हुज्जत न घालता पावती मागा आणि तिकीट जपून ठेवा. पुढे दाद मागताना हेच कागद लागतील.