कुत्र्यास मासळी : ‘टाकणे’ या क्रियापदाच्या निमित्ताने

अन्न देण्याच्या क्रियेसाठी देशावरच्या मराठीत एकच क्रियापद चालत नाही. पाहुण्याला जेवण वाढतात, बैलाला वैरण घालतात, कोंबड्यांना दाणे टाकतात. माळशिरस तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर कुत्र्यालाही भाकरी बहुधा टाकलीच जाते. ‘टाकणे’ याचा दुसरा अर्थ त्यागणे असा आहे, आणि दोन्ही अर्थ येथे एकमेकांत मिसळतात. कारण कुत्र्यापुढे पडते ते माणसांचे जेवण आटोपल्यावर उरलेले उष्टे-खरकटे. ज्वारीच्या भाकरीच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. मासळीच्या बाबतीत मात्र बिघडते. मासे खाऊन झाल्यावर ताटात मऊ मांस उरत नाही. उरतात ती डोकी, पर, काटे आणि कालवण. म्हणजे कुत्र्यास जे द्यावे ते माणूस खातो, आणि जे देऊ नये तेवढेच त्याच्या वाट्यास येते.

माळशिरस समुद्रापासून दूर असले तरी मासळीस पारखे नाही. तालुक्याच्या उत्तरेस नीरा, पूर्वेस भीमा, आणि भीमेवरच वरच्या अंगास उजनीचा जलाशय. बाजारात रोहू, कटला, मरळ, शिंगटा व मुख्यतः चिलापी येते. ‘चिलापी’ हे ‘तिलापिया’ या नावाचे लोकांनी आपल्या जिभेवर बसवून घेतलेले रूप होय. हा मासा मूळचा आफ्रिकेतील. भारतात तो १९५२ साली आणला गेला. त्याचे नाव त्स्वाना भाषेतील मासा या अर्थाच्या शब्दावरून घेतल्याचे सांगतात. इतक्या दूरचा शब्द भीमाकाठी इतका घरगुती व्हावा, याचे भाषाभ्यासकास कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आता काट्याविषयी. बोकडाच्या किंवा कोंबडीच्या अस्थीस आपण हाड म्हणतो. माशाच्या अस्थीस काटा म्हणतो. बाभळीचाही काटाच. हा भेद करण्यात बोलीने चूक केलेली नाही. ‘कुत्रा म्हणजे हाडे चघळणारा प्राणी’ या समजुतीने माशाचे काटे त्याच्यापुढे टाकले जातात, परंतु काटा चघळला जात नाही. तो हिरडीत, टाळूत किंवा घशात रुततो, आणि पुढे गेला तर अन्ननलिकेस वा आतड्यास इजा करू शकतो. शिजल्यावर काटा अधिक ठिसूळ होतो व मोडून त्याची टोके अणकुचीदार बनतात. सर्वच मासे या बाबतीत सारखे नाहीत. रोहू व कटला यांच्या पाठीच्या व शेपटाकडच्या मांसात दुबेळक्याच्या आकाराचे बारीक काटे विखुरलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाच लागतात. मरळीत असे काटे कमी. चिलापीच्या पाठीवरच्या पराचे काटे टणक व टोकदार असतात. शिंगट्याच्या नावातच शिंग आहे, आणि त्याचे पराजवळचे दातेरी काटे पाहिल्यावर ते नाव सार्थ वाटते.

काट्याची भीती निदान लोकांस ठाऊक असते. कालवणाची नसते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरा धोका तेथेच अधिक आहे. ‘कालवणे’ म्हणजे एकत्र मिसळणे. भाकरीत किंवा भातात जे कालवून खावयाचे ते कालवण. मासळीच्या कालवणात कांदा, लसूण, मीठ व मिरची असतात. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व त्यास पंडुरोग जडतो. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात लक्षणीय बिघाड होतो, असे नोंदले गेले आहे. लसूण त्याहून तीव्र मानतात. शिजवल्याने हा दोष जात नाही. शिवाय परिणाम लगेच दिसत नाही. चार दिवसांनी कुत्रे मलूल झाले, हिरड्या फिक्या पडल्या, लघवी लालसर वा तपकिरी झाली, तर त्याचा संबंध रविवारच्या कालवणाशी कोणी जोडीत नाही. थोडे थोडे रोज दिले तरी तोच परिणाम होऊ शकतो.

सुकी मासळी व खारी मासळी यांतही गल्लत होते. बोंबील पुष्कळदा मीठ न लावताच उन्हात वाळवितात. खारा बांगडा मात्र मिठात मुरविलेला असतो. अतिरिक्त मिठाने कुत्र्यास ओकाऱ्या, तीव्र तहान, आणि प्रमाण फार झाल्यास झटकेही येतात. खारी मासळी त्यास देऊच नये. बिनमिठाचे बोंबील भिजवून, उकडून, काटा काढून थोडे देण्यास हरकत नाही. ताज्या बांगड्याविषयी वेगळी सावधगिरी हवी. किनाऱ्यावरून येईपर्यंत त्यास पुरेसा बर्फ मिळाला नाही, तर त्यात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते उकळल्यानेही नष्ट होत नाही.

‘कुत्रे रानटीच, त्यास कच्चे मांस मानवते’ असेही ऐकावयास मिळते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९३० नंतरच्या दशकात चास्टेक यांच्या पालनकेंद्रावरील रुपेरी खोकडांना कच्ची मासळी दिली जात असे. त्यांना पक्षाघात होऊन ती मरू लागली. खोकड हे श्वानकुळातलेच. पुढे उलगडा झाला तो असा : कार्पकुळातील अनेक माशांच्या कच्च्या मांसात, व विशेषतः आतड्यांत, थायमिनेज नावाचे विकर असते, आणि ते ‘ब१’ जीवनसत्त्वाचा नाश करते. रोहू व कटला याच कुळातले. उष्णतेने हे विकर निकामी होते. कच्च्या माशातील कृमींचे अंकुरही शिजवल्याने मरतात. तेव्हा मासा शिजवूनच द्यावा.

कृती सोपी आहे, पण ती फोडणी देण्यापूर्वीच व्हावयास हवी. खवले, पर, डोके व आतडी काढून एकदोन तुकडे बाजूस ठेवावेत. मीठ-मसाला न घालता ते साध्या पाण्यात मांस काट्यापासून सुटेपर्यंत उकळावेत आणि निवल्यावर चिमटीत दाबून पाहत काटे वेचावेत. रोहूचा पोटाकडचा तुकडा घ्यावा. तेथील काटे मोठे व सहज निघणारे असतात. उकळलेले पाणी गाळून त्यात भाकरी कुस्करता येते, आणि कुत्र्याचे निराळे कालवण तयार होते! पहिल्या वेळी घासभरच द्यावे व खाज, ओकारी किंवा जुलाब होतात का, ते दोन दिवस पाहावे. नेहमीच्या आहाराखेरीज जे वरचे खाणे द्यावयाचे, ते सर्व मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे नसावे.

कुत्रे लाळ गाळू लागले, पंजाने तोंड घासू लागले, गिळताना मान ताणू लागले, तर काटा अडकला असे समजावे. वरवर दिसणारा काटा हलक्या हाताने निघाला तर ठीक. घशात बोटे घालू नयेत, भाताचे गोळे भरवू नयेत, ओकारी करवू नये. नदीकाठच्या वस्तीवर आणखी एक प्रकार घडतो : आमिषासकट गळ गिळला जातो व दोरा तोंडाबाहेर लोंबतो. तो दोरा ओढू नये आणि मुळाशी कापूही नये. आहे तसा ठेवून कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, म्हणजे डॉक्टरांस गळाचा माग लागतो.