कोंबडीचें रूप आणि कोंबडीचें कुळ

खोपोलीजवळ जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर शिळफाटा लागतो. तेथून कर्जत-खालापूरच्या खेड्यांकडे वळलें कीं परसांत चरणाऱ्या गांवठी कोंबड्या दिसतात. एक तांबडी, दुसरी ठिपकेदार, तिसरीची मान उघडी. त्यांचें कुळ कोणी विचारीत नाहीं. परंतु त्यांतल्या पुष्कळींचे पाय पिवळे असतात, आणि या साध्या गोष्टींत मोठा इतिहास दडलेला आहे. सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या, असें डार्विनचें मत होतें. तें बव्हंशीं खरें ठरलें; मात्र पिवळ्या कातडीचें बीज बहुधा करड्या रानकोंबड्याकडून आलें, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. करडा रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीच्या रानांत पहांटे आरवणारा तोच पक्षी. परदेशच्या प्रदर्शनांत ज्या जातींना पिवळ्या पायांवांचून बक्षीस मिळत नाहीं, त्यांच्या अंगींहि भारतीय रानाचें रक्त आहे. शुद्ध म्हणविणारी जातहि अशी मुळांत संकराची! मग शुद्ध जात म्हणजे काय, आणि ती राखणाऱ्यास काय करावें लागतें?

शुद्ध जात म्हणजे अनादि जात नव्हे. ज्या पक्ष्यांच्या पोटीं पिढ्यान् पिढ्या त्यांच्यासारखींच पिलें निपजतात, त्यांची ती जात. तिचें रूप कसें असावें हें लिहून ठेवलेलें असतें. त्यास प्रमाण म्हणावें. असा प्रमाणग्रंथ इंग्लंडांत १८६५ सालीं व अमेरिकेंत १८७४ सालीं निघाला. पुढें तुरा, डोळे, पाठ, शेपटी, पिसें व पाय यांत शंभर गुण वांटून परीक्षा करण्याची रीत पडली. ऱ्होड आयलंड रेड या जातीच्या एकेरी तुऱ्यास पांच दांते हवेत. पांढऱ्या लेगहॉर्न नराचा तुरा ताठ उभा, तर मादीचा एका बाजूस कललेला हवा. शेपटी वांकडी असली, कीं बाकीचें सौंदर्य फुकट जातें.

निवडीची सुरुवात अंड्यापासून होते. नराचें बीज कोंबडीच्या शरीरांत दोनतीन आठवडे टिकूं शकतें. म्हणून जुना नर काढून तीन आठवडे होईपर्यंत नव्या नराच्या पैदाशीसाठीं अंडीं ठेवूं नयेत. २१ दिवसांनीं पिलें निघालीं, कीं त्यांस खूण करून आईबापांची नोंद वहींत करावी. नोंदीवांचून निवड म्हणजे अंधारांत दगड मारणें. त्यानंतर तीन चाळण्या लावाव्या. पहिल्या चाळणींत मंद, रोगट व वांकड्या बोटांचीं पिलें काढावीं. दुसरींत अंगकाठी व तुरा पाहावा. पिसारा पुरा भरल्यावर तिसरी चाळणी रंगाची. हा क्रम उलटा झाला कीं घात होतो. रंगाला भुलून अशक्त नर ठेवला, तर त्याचा अशक्तपणा साऱ्या खुराड्यांत उतरतो; कारण मादीचीं पिलें मोजकीं, नराचीं मात्र सगळ्याच मादींच्या पोटीं.

पण डोळ्यांस जें दिसतें तेवढेंच रक्तांत असतें असें नाहीं. मेंडेलचे नियम प्राण्यांसहि लागू पडतात, हें बेटसननें १९०२ सालीं कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखविलें. रुंद, दाणेदार अशा गुलाबतुऱ्याचें बीज एकेरी तुऱ्याच्या बीजावर मात करतें. त्यामुळें गुलाबतुऱ्याच्या नरमादींच्या पोटीं अचानक एकेरी तुऱ्याचें पिलूं निघालें, तर शेजारच्या कोंबड्याला दोष देण्यापूर्वीं दोघांच्याहि रक्तांत तें बीज लपलें होतें कीं काय, हें पाहावें. अँडलुशियन जातीचा निळसर रंग त्याहून फसवा आहे. निळ्या नरमादींच्या चार पिलांत सरासरी दोन निळीं, एक काळें व एक ठिपक्यांचें पांढरट निघतें. कितीहि पिढ्या निवड केली, तरी तो रंग स्थिर होत नाहीं. कारण काळ्याचें एक व पांढरटाचें एक अशीं दोन बीजें एकत्र आल्यावांचून तो उमटतच नाहीं.

पट्टेदार प्लिमथ रॉक जातींत आणखी एक गंमत आहे. पट्ट्याचें बीज नरास आई व बाप दोघांकडून मिळतें, मादीस केवळ बापाकडून. म्हणून नर नेहमीं फिकट, मादी गडद. प्रदर्शनांत मात्र दोघे एकाच छटेचे हवेत, असा आग्रह पडला. तेव्हां पाळणाऱ्यांनीं नरांसाठीं एक घराणें व तलंगांसाठीं दुसरें, अशीं दोन घराणीं बाळगलीं! निसर्गानें दिलेला भेद पुसण्यासाठीं माणसानें दुप्पट खुराडीं बांधलीं.

हा आग्रह नेहमींच इतका निरुपद्रवी नसतो. ब्लॅक स्पॅनिश ही एके काळीं मोठ्या पांढऱ्या अंड्यांसाठीं नांवाजलेली कोंबडी. तिच्या तोंडावरची पांढरी कातडी शोभिवंत दिसते म्हणून ती अधिकाधिक मोठी करण्याची चढाओढ लागली, आणि काटकपणा हरपून जात मागें पडली. सख्ख्या भावंडांचा जोड पुन्हां पुन्हां लावल्यानेंहि असाच तोटा होतो. पिलें एकसारखीं दिसूं लागतात. पण अंडीं उबेंनासीं होतात आणि पिलें जगेंनाशीं होतात. प्रमाणग्रंथांत उबवणीला गुण नसतात, म्हणून परीक्षकास ही हानि दिसत नाहीं. ती घरच्या वहींतच दिसते.

आपल्याकडील असीलचें उदाहरण येथें बोलकें आहे. असील या अरबी शब्दाचा अर्थच कुलीन. ताठ मान, भक्कम छाती, घट्ट पिसें व आंखूड तुरा हीं त्याचीं लक्षणें. पूर्वीं तो झुंजींसाठीं पाळीत; प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानें अशा झुंजी लावणें हा गुन्हा ठरला. परंतु एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांत असीलचें रक्त घालून कॉर्निश जात घडविण्यांत आली, आणि आजच्या ब्रॉयलरच्या पितृकुळांत हीच कॉर्निश आहे. म्हणजे आज बाजारांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या रुंद छातींत असीलचाच वांटा आहे. मूळ जात कोणी राखली होती, म्हणूनच ही नवी घडण शक्य झाली.

उलट केवळ रूप पाहून कुळ ठरविणारा फसतो. झाबुआच्या कडकनाथास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण त्याचा काळेपणा संकरांतहि पुष्कळदां उतरतो. काळें पिलूं दिसलें म्हणून तें शुद्ध कडकनाथाचें, असें म्हणतां येत नाहीं. आईबाप पाहावेत, त्यांची नोंद मागावी.

ज्या गृहस्थास हा छंद जडेल, त्यानें एकच जात घ्यावी, एक नर व पांचसहा माद्या ठेवाव्या, आणि बक्षिसापेक्षां वहीवर अधिक विश्वास ठेवावा. चाळणींत गळालेले पक्षी अंड्यांसाठीं किंवा खाण्यासाठीं खुशाल ठेवावेत, पण शुद्ध म्हणून कोणास विकूं नयेत. कोंबडीचें रूप परीक्षक क्षणभर पाहतो. तिचें कुळ मात्र पाळणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरच उभें असतें.