वसईच्या गावांतली चर्च

आगाशी, निर्मळ, नंदाखाल, सांडोर, पापडी या वसई तालुक्यातल्या बागायती गावांमध्ये सोळाव्या शतकापासून चर्च उभी राहू लागली. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन धर्मगुरू आले. त्यांनी किल्ल्यात बांधलेली भव्य चर्च आज बहुतेक छपराविना उभी आहेत. गावांतल्या चर्चमध्ये मात्र अजून रोज मिस्सा होतो. पिढ्यापिढ्यांच्या डागडुजीमुळे त्यांची मूळ घडण ओळखणे अवघड जाते, पण जिवंत वास्तूचा इतिहास असा थरांतच सापडतो.

जुन्या चर्चची रचना साधी असते. दर्शनी भिंत उंच, चुन्याने पांढरी केलेली, माथ्यावर क्रूस. शेजारी घंटेचा मनोरा. अंगणात चौथऱ्यावर दगडी क्रूस. आत एकच लांबट दालन. मध्ये खांब नसल्याने मागच्या बाकावरूनही वेदी दिसते. वेदीमागे कोनाडे असलेली, सोनेरी मुलाम्याची लाकडी कोरीव चौकट असते आणि तिच्यावरचे छत दगडी कमानीचे. दालनावर मात्र लाकडी कैच्या आणि कौले. कोकणच्या पावसात उतरते छप्पर हवेच, आणि दगड-चुन्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात आत गारवा धरतात. आराखडा पोर्तुगालचा असला तरी ही समज इथल्या गवंड्या-सुतारांची. पूर्वी नळीची कौले असत; १८६५ नंतर मंगलोरी कौले बनू लागली आणि छपरांचे रूप बदलले.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहात ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली, तरी पुष्कळ चर्च ओस पडली आणि त्यांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकरच्या देवळात अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७२९ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ ची. ओतीव धातूचे हे काम इतके कसदार की त्या अजून खणखणीत वाजतात.

गावांतल्या चर्चची पुनर्बांधणी पुढे टप्प्याटप्प्याने झाली. अलीकडचा मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६२–६५) घडला. लॅटिनऐवजी मराठीत उपासना सुरू झाली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. त्यासाठी भिंतीपासून सुटी, नवी वेदी पुढे मांडावी लागली. जुनी कोरीव वेदी बहुतेक ठिकाणी तिच्यामागे आपल्या जागी राहिली. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथेड्रल बनले.