लिनक्स घरच्या घरी (भाग ७) : एका कार्डाला एकच कारभारी

आयपी पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस या चार गोष्टी मागच्या भागात पाहिल्या. नेटवर्कवर यायला संगणकाला एवढेच पुरते. मग त्या नोंदवायला इतक्या फायली कशाला, असे भोपाळच्या तुलसी नगरातल्या एका वाचकाने विचारले आहे. त्यांच्या सरकारी क्वार्टरमधल्या जुन्या संगणकावर डेबियन आहे. त्याला जोडलेल्या प्रिंटरवर घरातल्या लॅपटॉपवरूनही छापता यावे, म्हणून त्यांना कायमचा पत्ता हवा आहे. पण सेटिंगमध्ये काहीही करा, पत्ता येतो तो राउटर देईल तोच.

हा घोळ जुना आहे. 'इफकॉन्फिग' कमांड १९८३ मध्ये ४.२ बीएसडीबरोबर आली. तिने दिलेला पत्ता संगणक बंद झाला की जाई. तो टिकवायला प्रत्येकाने आपली सोय केली: डेबियनची 'इंटरफेसेस' फाइल, फ्रीबीएसडीची 'आरसी.कॉन्फ'. पुढे लॅपटॉप आणि वाय-फायचे दिवस आले, तेव्हा २००४ मध्ये रेड हॅटने नेटवर्कमॅनेजर आणला. नवे येत गेले, पण जुने कुणी काढले नाही.

ओपनबीएसडीचा साधेपणा पाहण्यासारखा आहे. नेटवर्क कार्डाचे नाव 'ईएम०' असेल, तर 'होस्टनेम.ईएम०' नावाची एक फाइल आणि तिच्यात दोन शब्द: 'आयनेट ऑटोकॉन्फ'. पत्ता आपोआप घे, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या वाचकांचे दुखणे. टर्मिनलवर 'एनएमसीएलआय डिव्हाइस' लिहा. कार्डापुढे 'अनमॅनेज्ड' दिसले तर निदान झाले. 'इंटरफेसेस' फाइलीत ज्या कार्डाचे नाव आहे, त्याला डेबियनमध्ये नेटवर्कमॅनेजर सहसा हात लावत नाही. आधी डेस्कटॉपशिवाय डेबियन टाकले आणि डेस्कटॉप नंतर चढवला, की असे होते.

'ईटीसी' फोल्डरमधल्या 'नेटवर्क' फोल्डरात ही फाइल सापडेल. आधी तिची प्रत काढून ठेवा. 'ईएनपी३एस०' अशा नावाच्या ओळींआधी # टाका, 'एलओ'च्या ओळी तशाच राहू द्या आणि संगणक पुन्हा सुरू करा. हे विचित्र नाव कार्ड कुठल्या खाचेत आहे ते सांगते: इथरनेट, तिसरी बस, शून्य क्रमांकाची खाच. क्वार्टरमधला रहिवासी बदलला तरी क्वार्टरचा नंबर बदलत नाही, तसेच हे.

पण घरासाठी याहून सोपी वाट आहे. संगणकावर डीएचसीपीच, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घेणे, राहू द्या. 'आयपी लिंक' या कमांडने 'लिंक/ईथर'पुढे दिसणारा मॅक पत्ता टिपून घ्या आणि राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये त्याच्यासमोर हवा तो आयपी पत्ता लिहा. उद्या डेबियन काढून दुसरे लिनक्स टाकले, तरी कार्ड तेच असेल तर प्रिंटरचा पत्ता हलणार नाही.

एका कार्डाला एकच कारभारी ठेवा. इंटरनेटवर दिसेल ती कमांड चिकटवण्याआधी तो कोण आहे, ते पाहून घ्या.