गुटगुटीत म्हणजे निरोगी नव्हे

‘गरिबाच्या घरी कुठला आलाय लठ्ठपणा?’ असे वस्तीत आपण सहज म्हणतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. पाच रुपयांची पाकिटे, थंड पेये, मोबाईल आणि खेळायला जागा नसणे ही त्याची कारणे. २५० मिलीलिटर थंड पेयात साधारण पाच-सहा चमचे साखर असते. अशा मुलांना पुढे मधुमेह, रक्तदाब लवकर गाठतो.

हे एकट्या डॉक्टरांचे काम नाही. अंगणवाडी सेविका वजन-उंची नोंदवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येते. गोड खाण्याची सवय दंतवैद्याला किडलेल्या दातांवरून कळते. आहारतज्ज्ञ भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी यांतूनच ताट ठरवून देतात. पण एकाची नोंद दुसऱ्यापर्यंत पोहोचली नाही, तर उपाय अर्धवट राहतो. म्हणून मुलाचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा, प्रत्येकाला दाखवा आणि विचारा, ‘उंचीच्या मानाने वजन बरोबर आहे का?’

मुलाला उपाशी ठेवू नका, ‘जाड्या’ म्हणून चिडवू नका. रोज तासभर खेळू द्या. विहाराचे आवार त्यासाठी खुले ठेवा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी बंदी आहे. पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडा.